आत किती, बाहेर किती

जिवाणूशास्त्राचं कुठलंही जाडजूड पाठ्यपुस्तक घ्या. पेशीच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात, याचं प्रकरण सुरुवातीला, चयापचयाच्या आगेमागे असतं. उष्णता, मीठ, आम्ल, उपासमार आणि विष यांच्या माऱ्यात जिवाणू कसा तगून राहतो, याचं प्रकरण पार शेवटाकडे, जनुकांच्या नियंत्रणाच्या भागात. मधे दोन-तीनशे पानं. विद्यार्थी पहिलं प्रकरण एका सत्रात पाठ करतात, दुसरं पुढच्या सत्रात, आणि दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे लिहून पास होतात. हे पुस्तक लिहायला घेतलं ते या वाटणीबद्दलच्या नाराजीतून. जिवाणूच्या लेखी ताण आणि वाहतूक हे एकच प्रकरण आहे. बाहेर काही बिघडलं की त्याची पहिली खबर पटलावर लागते, आणि पहिला उपायही तिथेच होतो. जनुकं कामाला लागेपर्यंत निम्मा निकाल लागलेला असतो.

याचं कारण त्याच्या आकारात आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय साधारण दोन मायक्रोमीटर लांब आणि एक मायक्रोमीटर रुंद. त्याला त्वचा नाही, मूत्रपिंड नाही. आपली प्रत्येक पेशी ज्या द्रवात डुंबते त्यातलं मीठ, साखर, तापमान सांभाळायला अख्खं शरीर राबत असतं. ई. कोलायला मात्र आतड्यातून सांडपाण्यात आणि सांडपाण्यातून ओढ्यात जायचं असतं, आणि त्या प्रवासात भोवतालचं खारेपण बघता बघता कित्येक पटींनी उतरतं. या सगळ्या उलथापालथीच्या आणि त्याच्या आतल्या जगाच्या मधे असतं चार-पाच नॅनोमीटर जाडीचं, मेदद्रव्याचं दुपदरी पटल. हे पटल दुपदरी असतं हे १९२५ साली लायडनमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवलं. लाल रक्तपेशींतला मेद काढून त्यांनी पाण्यावर पसरला, तर त्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत अशी की मेद पुरता निघाला नव्हता, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमीच धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. असं नशीब सगळ्यांचं नसतं.

मेदाच्या थरातून पाणी झिरपतं, ऑक्सिजन जातो. साखर, अमिनो आम्लं आणि विद्युतभारित आयन मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या वाटा हव्यात. १९५६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रिकेनबर्ग, कोहेन, ब्युतॅं आणि मोनो यांनी दाखवलं की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ई. कोलायमध्ये आपोआप मुरत नाही. तिला आत घेणारी वेगळी यंत्रणा असते आणि तीही गरज पडली तरच तयार होते. बाहेर विरळ असलेली साखर आत दाट साठवायची तर ऊर्जा लागणार. ती येते कुठून?

याचं उत्तर ज्याने दिलं तो माणूस एका पुस्तकाचा विषय आहे, इथे त्याला एकच परिच्छेद देतो. पीटर मिचेल हे मुळात जिवाणूंच्या पटलातून फॉस्फेट कसा ये-जा करतो यावर काम करणारे. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की पेशी श्वसन करते तेव्हा प्रोटॉन पटलाबाहेर ढकलते, आणि आत परतण्याची त्या प्रोटॉनांची ओढ हेच पेशीचं भांडवल. प्रकृती ढासळल्यावर विद्यापीठ सोडून ते कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळच्या ग्लिन हाउस या जुन्या वाड्यात गेले, वाडा दुरुस्त करून घेतला आणि जेनिफर मॉइल यांच्यासोबत तिथेच छोटीशी प्रयोगशाळा थाटली. बरीच वर्षं बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. १९७८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं. लॅक्टोजचं कोडंही त्यात सुटलं: साखरेच्या प्रत्येक रेणूबरोबर एक प्रोटॉन आत येतो, आणि त्याच्या ओढीवर साखर खेचली जाते.

या भांडवलाची किंमत कळण्यासाठी एक हिशेब. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब साधारण दीडशे मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्यच. पण तो जेमतेम चार नॅनोमीटरवर ताणलेला असतो. दर मीटरला मोजलं तर तो साडेतीन कोटी व्होल्टच्या पुढे जातो. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला दर मीटरला तीस लाख पुरतात. अशा पटलाला भोक पडलं तर सगळं भांडवल क्षणात वाहून जाईल. म्हणूनच जिवाणूच्या आतल्या पटलात मोठी, उघडझाप करणारी भोकं असतील असं १९८० च्या दशकात फारसं कुणाला वाटत नव्हतं. चेतापेशींना ते परवडतं, जिवाणूला कसं परवडणार?

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बोरिस मार्टिनाक, चिंग कुंग, ज्युलियस अॅडलर आणि सहकाऱ्यांनी ते तपासायचं ठरवलं. एकेका वाटेतला प्रवाह मोजणारं पॅच क्लॅम्प हे तंत्र नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये आणलेलं होतं. पण त्यातल्या काचनळीचं टोकच जवळजवळ जिवाणूएवढं. तोडगा मोठा मजेदार. ई. कोलायला सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक दिलं की त्याची वाढ चालू राहते पण विभाजन थांबतं, आणि तो लांबलचक धाग्यासारखा होतो. मग लायसोझाइमने भिंत विरघळवली की तो धागा फुगून पाच-सहा मायक्रोमीटरचा गोळा होतो. या गोळ्यांवर काचनळी टेकवून जरा ओढ दिली, आणि विद्युतप्रवाह पायरी-पायरीने उसळला. भोकं होती, आणि पटल ताणलं की ती उघडत होती. १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा हा प्रयोगातलाच काही दोष असावा अशी शंका अनेकांना होती. १९९४ मध्ये सुखारेव आणि सहकाऱ्यांनी त्यांपैकी सर्वांत मोठ्या वाटेचं प्रथिन वेगळं काढून त्याचं जनुक शोधलं. एमएससीएल असं त्याचं नाव, अवघ्या १३६ अमिनो आम्लांचं. पाच नग एकत्र आले की एक वाट होते, आणि पूर्ण उघडल्यावर तिचं तोंड सुमारे तीन नॅनोमीटर रुंद होतं. पटलाच्या जाडीच्या मानाने हा दरवाजा नव्हे, वेस आहे.

मग निराशा. एमएससीएलचं जनुक काढून टाकलेला ई. कोलाय खुशाल जगला. एवढी मोठी वेस आणि तिचा उपयोग काहीच नाही? १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबरडीनमध्ये इयन बूथ यांच्या गटाने दुसऱ्या, लहान वाटेचं, म्हणजे एमएससीएसचं, जनुक ओळखलं आणि दोन्ही एकदम काढली. खारट द्रवात वाढवलेले असे जिवाणू गोड्या पाण्यात टाकले, तर बहुतेक मेले. दोहोंपैकी एक जरी वाट असेल तरी निभावत होतं. प्रेशर कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचं नातं ज्याला ठाऊक आहे त्याला या दोघींचं नातं समजावून सांगायला नको: एमएससीएस थोड्या ताणाला उघडते, एमएससीएल पटल फाटायच्या बेतात आल्यावरच. फरक इतकाच की जिवाणूचा व्हॉल्व्ह काम झालं की पुन्हा मिटतो. जे भांडवल वाचवायला बाकी सारं पटल धडपडतं, ते इथे मुद्दाम सोडून दिलं जातं. पोटॅशियम, ग्लुटामेट, ट्रेहॅलोज, हाताला लागेल ते बाहेर. कारण फुटलेल्या पेशीला प्रोटॉनांचा काय उपयोग?

हे प्रयोगशाळेतलं नाटक वाटत असेल तर जूनमधली दख्खनची माती घ्या. उन्हाळाभर तिच्यातलं पाणी आटत जातं, कणांभोवतीच्या उरल्यासुरल्या ओलाव्यात क्षार दाट होतात, आणि तिथले जिवाणूही आपल्या आत तेवढेच विद्राव्य पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. मग वळवाची किंवा मृगाची पहिली सर येते. बाहेरचं पाणी एकाएकी गोडं होतं आणि पेशीत घुसू लागतं. पुढचे काही क्षण ज्याच्या वाटा वेळेवर उघडल्या तो वाचला. जमिनीच्या पातळीवर त्याचा हिशेबही लागतो. १९५८ मध्ये एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना नोंदवलं की वाळलेली माती भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोंढा निघतो आणि नायट्रोजनही मोकळा होतो. आज त्याला बर्च परिणाम म्हणतात. भिजल्यावर सुट्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांचा त्यात वाटा आहे, फुटून मेलेल्या जिवाणूंचा आहे, आणि जगलेल्यांनी जीव वाचवायला बाहेर टाकलेल्या ऐवजाचाही. पहिल्या सरीनंतर पिकाला जी टवटवी येते तिच्यात या सांडलेल्या मालाचाही थोडा हात असणार, असं मला वाटतं.

उलट्या दिशेचं संकट, म्हणजे बाहेर मीठ वाढणं, हे सावकाश मारतं, आणि त्यावरचा उपायही टप्प्याटप्प्याने होतो. पेशीतलं पाणी निघून जातं, ती आकसते. पहिली दोन-चार मिनिटं पोटॅशियमची: ट्रक आणि केडीपी या यंत्रणा ते भराभर आत ओढतात. त्याची विद्युतभाराची बाजू सावरायला पेशी ग्लुटामेट बनवते. पण पोटॅशियमची चढी पातळी प्रथिनांना आणि डीएनएच्या कामाला सोसत नाही. म्हणून त्याच्या जागी हळूहळू असे पदार्थ आणले जातात जे कितीही साठवले तरी कुणाच्या कामात लुडबुड करत नाहीत: ट्रेहॅलोज, प्रोलीन, आणि सर्वांत आवडीचं ग्लायसीन बीटेन. ट्रेहॅलोज पेशी स्वतः बनवते. बीटेन मिळालं तर ते मात्र बाहेरून उचलते आणि ट्रेहॅलोजची निर्मिती आवरती घेते. बनवण्यापेक्षा उचलणं स्वस्त, हा हिशेब पटलावरची प्रोपी आणि प्रोयू ही प्रथिनं सांभाळतात. प्रोपीची खासियत अशी की परासरणाचा ताण ते स्वतःच ओळखतं आणि स्वतःच वाहतूक सुरू करतं. ताण ओळखणारा आणि वाहून नेणारा, दोघे एकाच रेणूत. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन प्रकरणांच्या मधे घालायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बीटेन बीट, पालक, गहू यांत भरपूर असतं. मीठ घालून अन्न टिकवणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराचा आणि कारखान्याचा याच्याशी संबंध येतो. लिस्टेरिया मोनोसायटोजीनस हा जिवाणू अन्नातलं बीटेन आणि मांसातलं कार्निटीन उचलून मिठात तग धरतो. तेच पदार्थ त्याला फ्रिजच्या थंडीतही तारतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या खारवलेल्या मांसातही तो वाढू शकतो. आपण मीठ घालून पाणी काढून घेतो आणि त्याच अन्नातून त्याला पाणी धरून ठेवायचं साधन देतो.

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांत तऱ्हेतऱ्हेचे तर्क आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा रंग हॅलोआर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांचा निघाला. हे काटेकोरपणे जिवाणू नव्हेत, वेगळ्या कुळातले. त्यांची रीतही वेगळी: बीटेनच्या मागे न लागता ते पोटॅशियम क्लोराइडच पेशीत ठासून भरतात, आणि त्यांची प्रथिनं अशी घडलेली असतात की त्या मिठाशिवाय त्यांची घडीच बसत नाही. त्याच पाण्यातल्या खऱ्याखुऱ्या जिवाणूंपुढे आणखी एक पेच आहे. लोणारचं पाणी तीव्र अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. बाहेर प्रोटॉनांचा दुष्काळ असताना मिचेल यांचं भांडवल उभं कसं राहणार? अशा जागी राहणारे जिवाणू सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेणारी प्रथिनं अखंड चालवतात, आतला सामू बाहेरच्यापेक्षा सुमारे दोन अंकांनी खाली ठेवतात, आणि अन्न आत ओढायला सोडियमच वापरतात. पुस्तकातलं पाचवं प्रकरण यावरच आहे. मला ते लिहिताना सर्वांत मजा आली.

आता काही जिवाणूंना असणारं आणखी एक, बाहेरचं पटल. ग्राम यांनी १८८४ मध्ये रंग देऊन जिवाणूंची जी विभागणी केली तिच्यातल्या ग्राम-ऋण गटाला पेशीभित्तिकेच्या बाहेर दुसरं पटल असतं. त्यात पोरिन नावाची कायम उघडी भोकं असतात, आणि साधारण सहाशे डाल्टनपेक्षा जड रेणूंना ती आत घेत नाहीत. व्हॅन्कोमायसिन त्याच्या दुपटीहून जड, म्हणून ते या गटावर चालत नाही. ई. कोलायकडे दोन मुख्य पोरिन आहेत, ओम्पएफ थोडं रुंद आणि ओम्पसी थोडं अरुंद. आतड्यातल्या उबदार, खारट, पित्तयुक्त वातावरणात अरुंद वाढतं. बाहेर पातळ पाण्यात, जिथे अन्न मुश्किलीने मिळतं, तिथे रुंद. हा बदल ठरवणारी एन्वझेड आणि ओम्पआर ही प्रथिनांची जोडी अभ्यासकांच्या अतिपरिचयाची आहे.

त्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो १९८५ मधला जुडा रोझनर यांचा प्रयोग. ई. कोलायच्या द्रवात सॅलिसिलेट घातलं, म्हणजे अॅस्पिरिनचा शरीरात जो पदार्थ होतो तोच, तर जिवाणू क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले. जनुकांत काही बदल नाही. सॅलिसिलेट काढलं की प्रतिकारही गेला. (प्रयोगातली मात्रा रक्तातल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती, तेव्हा डोकेदुखीच्या गोळीवर कुणी राग काढू नये.) कारण पुढे उलगडलं. सॅलिसिलेटसारखा रेणू आत आला की मारआर या प्रथिनाचं दडपण सुटतं आणि मारए हे प्रथिन वाढतं. ते एकाच वेळी दोन कामं करतं. एक, मिकएफ नावाचा छोटा आरएनए वाढवून ओम्पएफचं उत्पादन रोखतं. हा आरएनए १९८४ मध्ये मासायोरी इनोये यांच्या प्रयोगशाळेत सापडला. दुसरं, आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप वाढवतं. येणं कमी, जाणं जास्त. विषाच्या ताणाला दिलेलं हे उत्तर सबंधच्या सबंध वाहतुकीच्या भाषेत आहे.

प्रतिजैविक बाहेर फेकणारा पंप असतो हे त्याआधी पाच वर्षं, १९८० मध्ये, बॉस्टनमध्ये मॅकमरी, पेट्रुची आणि लेव्ही यांनी दाखवलं होतं. टेट्रासायक्लिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायच्या पटलांच्या पिशव्या त्यांनी उलट्या करून घेतल्या, आतली बाजू बाहेर. या पिशव्यांनी टेट्रासायक्लिन भराभर आत ओढलं, म्हणजे सुलट्या पेशीत ते बाहेर ढकललं जात होतं. ऊर्जा पुन्हा प्रोटॉनांचीच. टेट्रासायक्लिनचा पंप एका औषधापुरता. ई. कोलायचाच एसीआर-बी हा पंप मात्र कशालाही नाही म्हणत नाही. त्याचे तीन नग आळीपाळीने रेणू धरतात, दाबतात आणि टॉलसी नावाच्या चौदा नॅनोमीटर लांब नळीतून थेट बाह्यपटलापलीकडे सोडतात. हा पंप प्रतिजैविकांसाठी घडलेला नाही. तो आतड्यातल्या पित्तक्षारांशी सामना करणारा जुना चाकर आहे, आणि आपण नवी औषधं आणली तेव्हा तो कामावर हजरच होता.

उलट बाजूही सांगायला हवी. टेक्सासमध्ये पॉल ब्लाउंट यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, एमएससीएलच्याच वेशीतून आत शिरू शकतं. जीव वाचवायची वाट मरणाचीही वाट होते. आणि क्षयरोगाचाच विषय निघाला आहे तर बेडाक्विलिनबद्दल. जुन्या औषधांना न बधणाऱ्या क्षयावर भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून वापरात आलेलं हे औषध जिवाणूचं एटीपी बनवणारं चक्र अडवतं, म्हणजे नेमका मिचेल यांच्या प्रोटॉनांचा परतीचा रस्ता. त्याला प्रतिकार कसा होतो? बऱ्याचदा एमएमपीएल-५ या पंपावरचा लगाम, आरव्ही०६७८ नावाचं प्रथिन, बिघडतो. पंप मोकाट सुटतो आणि औषध बाहेर जातं. त्याच पंपामुळे कुष्ठरोगावरचं क्लोफॅझिमीनही निकामी होऊ लागतं, आणि दोन्ही औषधं एकत्र देणाऱ्या डॉक्टरची दोन्ही हत्यारं एका फटक्यात बोथट होतात. ई. कोलायमध्ये मारए जे तात्पुरतं करतं, ते इथे जनुक बिघडल्यामुळे कायमचं होऊन बसतं.

काही गोष्टी मुद्दाम थोडक्यात आटोपल्या आहेत. उष्णतेच्या धक्क्यावरचं उत्तर, १९६२ मध्ये रितोसा यांनी फळमाशीत पाहिलेलं आणि पुढे जिवाणूंतही सापडलेलं, मराठीत इतरत्र वाचायला मिळतं. उपासमारीत तयार होणाऱ्या पीपीजीपीपी या रेणूला, ज्याला १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांनी दोन गूढ ठिपक्यांच्या रूपात पाहिलं, एक प्रकरण दिलं आहे. पण पटलाशी त्याचा जेवढा संबंध येतो तेवढाच. बीजाणू आणि जिवाणूंच्या वसाहती पूर्ण वगळल्या आहेत, त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. दुसऱ्या प्रकरणातलं विद्युतदाबाचं गणित ज्यांना नको असेल त्यांनी ते ओलांडून थेट तिसऱ्याकडे जावं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पंपांची घाई असते हे ठाऊक आहे. त्यांनी सातव्यापासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त चौथ्यातली एमएससीएलची आकृती आधी एकदा बघून ठेवावी, कारण पुढे तिचा उल्लेख न सांगता येत राहतो.